वाडीच्या मांडवात बसलेले पाहुणे

चैत्र लागला की मी गॅलरीत एका पसरट वाडग्यात पाणी भरून ठेवते. सुनेला वाटतं, चिमण्यांसाठी. आमच्या बोळिंजला आता चिमण्या उरल्यात कुठे? कबुतरं मात्र हक्काने येतात, वाडग्यात अंघोळी करतात आणि गॅलरीभर शिंतोडे उडवून जातात. सून मनातल्या मनात चरफडते, पण माझ्या वयाकडे बघून गप्प बसते. म्हातारपणी माणसाचा विक्षिप्तपणा खपून जातो, तेवढाच त्याचा फायदा.

यंदा पाणी ठेवून आत आले आणि बेल वाजली. दारात निनाद, आमच्या कॉम्प्लेक्सच्या कमिटीतला. मुलगा गोड आहे. लिफ्ट बंद पडली की मला हात धरून वर आणतो.

‘आजी, रविवारी क्लबहाउससमोर समर फेस्ट आहे,’ तो म्हणाला. ‘या वेळी एकदम ट्रॅडिशनल. ताडगोळे, सुकेळी, सगळ्याचे स्टॉल. आणि एक धवलारीण बोलावलीये, ती लग्नातली जुनी गाणी म्हणतात ना, ती. तुम्ही इथल्या सगळ्यात जुन्या. तिला साडी-नारळ तुमच्या हातून द्यायचाय.’

‘किती वेळ म्हणणार ती?’

‘पाच मिनिटं. मग लगेच झुंबा आहे.’

मी दाराची चौकट धरली. त्याला वाटलं मला चक्कर आली. त्याने खुर्ची ओढली, पाणी आणलं. मी पाणी प्यायले आणि ‘येईन’ म्हणाले. नाही म्हणायला त्याने माझं काय बिघडवलं होतं? बोलावणारी माणसं कधीच वाईट नसतात. पंचाईत आहे ती तीच.

आमचं हे कॉम्प्लेक्स जिथे उभं आहे, तिथे पूर्वी चरकाची वाडी होती. फिरंग्यांच्या राज्यात तिथे ऊस व्हायचा म्हणत. ऊस गेला, फिरंगी गेले, पण रस काढायच्या चरकाचा भला मोठा दगड विहिरीजवळ पडून राहिला, त्यावरून वाडीला नाव. माझ्या लहानपणी तिथे केळी होत्या, पानवेली होत्या, सोनचाफा होता, आणि एका दगडी कमानीतून आत जावं लागायचं. मालक मुंबईला राहायचे. वाडीचा कारभार माझे बाबा बघायचे. आमची स्वतःची चिमुकली वाडी शेजारीच होती, पण बाबांचा जीव मालकांच्या वाडीत जास्त. आई म्हणायची, ‘आपल्या केळी उभ्या वाळल्या तरी चालतील, मालकांच्या चाफ्याचं पान पिवळं पडता कामा नये.’ बाबा मालकांपुढे उभे राहिले की त्यांची पाठ आपोआप वाकायची. घरी आल्यावर ती पुन्हा सरळ व्हायची, आणि तिचा सगळा ताठा आईवर निघायचा.

धाकटे मालक विलायतेत शिकून आले होते. देशाला स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती, आणि आपलं जुनं ते सगळ्यांना दाखवावं असं त्यांच्या मनाने घेतलं. तिकडे म्हणे जुन्या बागा आणि हवेल्या उन्हाळ्यात लोकांसाठी उघड्या ठेवतात. मग इथेही पाडवा झाला की दर रविवारी वाडीची कमान उघडायला लागली. मुंबईहून पाहुणे यायचे, स्टेशनवरून टांगे यायचे. आणि आजूबाजूच्या गावांनाही मुक्त परवानगी होती. हे त्यांचं मला आजही कौतुक वाटतं. वाडीत पाऊल टाकायची आमच्यातल्या कितीजणांची टाप नव्हती, ते लोक कपडे करून यायचे आणि आपल्याच गावचा रहाट बघायचे.

रहाट बघणं हा मोठाच कार्यक्रम होता. डोळ्यांवर झापडं बांधलेला रेडा गोल गोल फिरायचा, चाक करकरायचं, मडकी भरून वर यायची आणि पाटात रिती व्हायची. तो आवाज आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकलेला. तरी आमचीच माणसं रविवारी त्याच्याभोवती कोंडाळं करायची आणि मुंबईच्या बायका ‘अय्या’ म्हणाल्या की आम्हालाही वाटायचं, खरंच की, काय सुंदर आहे! आपलं घर दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायची ती माझी पहिली वेळ. त्याची एक नशा असते, आणि ती पटकन चढते.

मग सुकेळी. राजेळी केळी सोलून गवताच्या मांडवीवर, म्हणजे माचावर, उन्हात घातलेली असायची. दुपारच्या वेळी त्यांचा रस सुटायचा आणि सबंध हवेला गुळमट, किंचित आंबूस वास यायचा. माशा घोंघावायच्या. वाळलेली केळी वाळक्या पानात घट्ट बांधून त्यांच्या पुड्या करायच्या. ते काम आम्ही मुली करायचो, आणि पाहुणे आमच्या हातांकडे बघत उभे राहायचे. कोणी बघायला लागलं की हात चुकतात, हे मला तेव्हा समजलं. नंतर आंब्याखाली व्याख्यान, कधी कीर्तन, कधी कर्ण्यावर ग्रामोफोन. संध्याकाळी समुद्राकडून खारा वारा सुटला की कोकम सरबत, आणि टांगे परत. मी सतरा वर्षांची होते. त्या रविवारांची मी आठवडाभर वाट बघायचे, हे कशाला लपवू?

आजही चैत्रात दुपारी वारा पडला आणि कुठून तरी पिकल्या केळ्यांचा वास आला की माझ्या बोटांना चिकट वाटायला लागतं. मी उठून हात धुते.

चांगुनाआय वाडीच्या मागच्या अंगाला राहायची, मालकांच्याच जमिनीवर, कुडाच्या घरात. ती आली होती पलीकडच्या भातशेतीच्या आणि मिठागरांच्या गावातून. तिच्या लोकांत लग्न लावायची ती धवलारीण, आणि त्या लग्नात म्हणायचा तो धवला. ती बाई बसून गाणं म्हणते आणि त्या गाण्याने लग्न लागतं. चांगुनाआयला लांबलांबून बोलावणी यायची. एरवी ती वाडीत खुरपणी करायची, पानवेलींना पाणी फिरवायची. अंगाने काटकुळी, आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा. तिला एक नात होती, बनी. बनीची आई बाळंतपणात गेली, तेव्हापासून आजीनेच तिला वाढवली. बनी माझ्याच वयाची. आम्ही दोघी शेजारी बसून सुकेळीच्या पुड्या बांधायचो. त्या वैशाखात तिचं लग्न ठरलं होतं.

‘आजे, माजा धवला कसा म्हनशील?’ बनी चेष्टेने विचारायची.

‘असा म्हनीन का समिंदरातले पन उठून येतील,’ चांगुनाआय म्हणायची. ‘आख्या मुलखाच्या पोरी लावून दिल्या मी. आता येकच राह्यली. तुजं लागलं का मी मोकली.’

हे ती दिवसातून दोनदा तरी म्हणायची. कुणी विचारायचीही वाट बघायची नाही.

धाकट्या मालकांच्या कानावर धवल्याचं गेलं आणि त्यांना तो चैत्रातल्या शेवटच्या रविवारी हवाच झाला. बाबांनी निरोप नेला. मी बरोबर होते. चांगुनाआय पाटाच्या कडेला बसून पाय धुत होती.

‘धवला म्हंजे काय भजन हाय, कारभारी?’ ती म्हणाली. ‘वाटलं तवा म्हटलं, वाटलं तवा सोडलं? आदी देवांना बोलावनं करायचं. बोलावनं केलं म्हंजे ते येतान. येतान म्हंजे बसतान. मंग त्यांच्यासमोर लगीन लावायचं, मंग त्यांना वाटंला लावायचं. लगीनच नाय तर त्यांना काय सांगू, कशाला बोलावलं?’

बाबा म्हणाले, ‘मालकांची इच्छा आहे, आय.’

ती पाय घासत राहिली. तिचं घर मालकांच्या जागेत होतं, हे बाबा बोलले नाहीत आणि तिलाही ते ऐकायची गरज नव्हती. मग तिनेच वाट काढली. म्हणाली, ‘मांडवात दोन केली उभ्या करा. येक नवरा, येक नवरी. त्यांचं लगीन लावते. पन सगला धवला म्हननार. दिवेलागन होईल. मधी कोनी बोलायचं नाय.’

धाकट्या मालकांना ही कल्पना अतोनात आवडली. केळीचं लग्न! त्यांनी खरोखरीचा मांडव घालायला लावला, आंब्याचे डहाळे बांधले, दोन उंच राजेळी केळी मुळासकट आणून बोहल्यावर रोवल्या. एकीला बाशिंग बांधलं, एकीला हिरवं खणाचं कापड गुंडाळलं. मांडव बघून आमच्या आईच्याही डोळ्यांत पाणी आलं. ‘आपल्याकडे लग्न असल्यासारखंच वाटतं गं,’ ती म्हणाली.

त्या रविवारी सगळंच लांबत गेलं. कोणी विद्वान गृहस्थ फिरंग्यांच्या साखरेवर बोलायला उभे राहिले ते बसेनात. त्यांच्या बोलण्यात साखर होती, पण ती फार होती. मग रहाटाचा रेडा अडून बसला. त्याला चुचकारण्यात, झापडं काढून पुन्हा बांधण्यात वेळ गेला. पाहुणे हसत होते, मुलं रेड्याला पानं चारत होती, आणि चांगुनाआय मांडवात बोहल्याशेजारी हिरवं लुगडं नेसून केव्हाची बसून होती. तिच्यामागे सूर धरायला तिची जाऊ. मी सरबताचे पेले घेऊन मांडवाच्या खांबाशी उभी होते. उन्हं कलली तेव्हा कुठे तिला म्हणायला सांगितलं.

तिने डोळे मिटले आणि बोलावणं सुरू केलं.

कसं सांगू ते? तिने एकेकाला नावाने हाक मारली. वेशीवरच्या देवाला, डोंगरावरच्या आईला, किनाऱ्यावर राहणाऱ्याला, विहिरीतल्या आसरांना. मग गेलेल्या माणसांना, आजे-पणज्यांना, ज्यांची नावंही कोणी घेत नाही अशांना. प्रत्येकाला वाट सांगितली, कुठून या, कुठला ओढा ओलांडा, कमानीतून वाकून या. माझ्या हातातले पेले कधी खाली ठेवले मला कळलं नाही. मागे दोरीपलीकडे गावच्या बायका बसल्या होत्या. त्यांनी एकदम डोक्यावरून पदर ओढले. पुढच्या सतरंजीवर त्यांच्यातल्या काही म्हाताऱ्या बसल्या होत्या, त्या उठल्या, अंग चोरून बाजूला सरकल्या आणि सतरंजी रिकामी केली. येणाऱ्यांना जागा नको?

स्वयंसेवकांना वाटलं, बरं झालं, जागा झाली. त्यांनी मागे उभ्या असलेल्या मुंबईच्या पाहुण्यांना हात करून त्या सतरंजीवर आणून बसवलं. पाहुणे बसले, आरामात मांड्या घालून. माझ्या शेजारी एक म्हातारी ‘अगो बाय’ म्हणाली आणि तिने तोंडावर हात ठेवला. मी कुणाला काय सांगणार होते? उठा, तिथे देव बसलेत? सतरा वर्षांच्या पोरीने, शंभर माणसांत?

बोलावणं संपलं की धवलारीण थांबते. आलेल्यांनी जरा टेकावं, श्वास घ्यावा, म्हणून. चांगुनाआय थांबली. डोळे मिटलेलेच होते. मांडवात इतकं शांत झालं की लांबून पाटाचं पाणी ऐकू आलं.

आणि टाळ्या पडल्या.

पाहुण्यांना वाटलं, संपलं. त्यांनी अगदी मनापासून टाळ्या वाजवल्या, काहीजण उभे राहिले. गावची माणसं आधी गोंधळली, मग मोठी माणसं वाजवतायत म्हणून तीही वाजवू लागली. धाकट्या मालकांनी घड्याळ बघितलं. कमानीबाहेर टांगेवाले घंट्या वाजवत होते. मुख्य पाहुणे कोणी बडे वकील होते. त्यांच्या बायकोला खूण झाली. ती पुढे आली. सुंदर, सोज्वळ बाई. डोळे भरून आले होते तिचे, खोटं कशाला बोलू. तिने चांगुनाआयला हळदकुंकू लावलं आणि लुगडं आणि नारळ तिच्या ओटीत घातला.

चांगुनाआयने डोळे उघडले. ‘थांबा बाय,’ ती म्हणाली, ‘अजून...’ पण कर्ण्यावर आभार सुरू झाले होते.

तिने ओटीकडे बघितलं, मग त्या बाईकडे. ती ओटी परत करू शकली असती. पण ओटी नाकारली तर देणारीचं वाईट होतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ती परकी बाई हसत समोर उभी होती. चांगुनाआयने पदर धरला, ओटी घेतली, आणि तिला वाकून नमस्कार केला.

मांडव रिकामा झाला. कोणी पाहुणे बाशिंग बांधलेली केळ आठवण म्हणून हवी म्हणाले, आणि दोन्ही केळी उपटून टांग्यावर चढल्या. धूळ उडाली, घंट्या लांब गेल्या. चांगुनाआय तिथेच बसली होती. मी सरबत घेऊन गेले.

‘आय, म्हणा ना पुढचं. आता कोणी मधे बोलणार नाही. मी बसते ऐकायला.’

‘कसी म्हनू, पोरी?’ तिने ओटीतला नारळ मला दाखवला. ‘लगीन लागलं, देव गेले, म्हंजे मंग धवलारनीला नारल. हा तर आदीच आला. काम झालं आसं मी म्हटल्यासारखं झालं. आनि झालं तर काय? नवरा नाय, नवरी नाय. टांग्यात गेली दोगं.’ मग मांडवाकडे बघून ती हळू म्हणाली, ‘आनि हे तर आले. मी हाक मारली, आले बिचारे. आता त्यांना उठवू कसी?’

बाबांना मी आयुष्यात एकदाच मालकांपुढे काही मागताना पाहिलं, ते त्या संध्याकाळी. धाकटे मालक गाडीत बसत होते. बाबा म्हणाले, त्या बाईचं अपुरं राहिलंय, मांडव चार दिवस राहू द्या, पुन्हा केळी उभ्या करू, ती पूर्ण करील. मालक खूश होते, त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. ‘अपुरं कसलं, अहो, अप्रतिम झालं. सगळे भारावून गेले. पुढच्या उन्हाळ्यात आपण तिचंच पूर्ण ठेवू. मांडवाचं सामान मात्र आज रात्रीच परत द्यायचंय.’ बाबा म्हणाले, ‘बरं.’ आणि त्यांची पाठ वाकली. मालकांच्या हुकमाशिवाय वाडीत एक खांबही रोवता येत नव्हता. मला बाबांचा इतका राग आला होता. आता येत नाही. आता मी त्यांच्या वयाच्याही पुढे गेलेय, आणि ‘बरं’ हा शब्द मी त्यांच्याहून जास्त वेळा वापरलाय.

बनीचं लग्न वैशाखात ठरल्या दिवशी झालं. धवलारीण गोखिवऱ्याहून आणली होती. चांगली होती, आवाजही गोड. चांगुनाआय मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती, ओठ मिटून. जिने आख्ख्या मुलखाच्या पोरी लावून दिल्या, ती स्वतःच्या नातीच्या लग्नात पाहुण्यासारखी बसली होती. हळद लागलेली बनी सारखी मान वळवून तिच्याकडे बघायची. शेवटी न राहवून म्हणाली, ‘आजे, तू म्हन ना गो. थोडं तरी म्हन.’

‘माज्या हाकेनं कोन येनार?’ चांगुनाआय म्हणाली. ‘ते थितं बसल्यान. त्यांना सोडून दुसऱ्यांना कसी बोलवू?’

बनी रडली. लोकांना वाटलं, सासरी जाताना सगळ्याच रडतात. मला मात्र ते रडं वेगळं ऐकू आलं आणि मी उठून विहिरीकडे गेले. तिथे उभं राहून मीही रडले, पण त्याचा कुणाला उपयोग नव्हता.

त्यानंतर वाडीत एक दृश्य रोजचं झालं. दुपार टळटळीत झाली की चांगुनाआय खुरपं ठेवायची, रहाटाच्या पाटातून तांब्या भरायची आणि मांडव होता त्या मोकळ्या जागी नेऊन ठेवायची. आधी ती जागा झाडून घ्यायची. मी विचारलं तर म्हणाली, ‘पाव्हनं हायत. उनात बसल्यान. जेवू घालायची माजी ऐपत नाय, पानी तरी दाखवाया नको?’ बाबांच्या कानावर गेलं, पण त्यांनी तिला अडवलं नाही. एकदा मीच बघितलं, तांब्या आडवा झाला होता, तो बाबांनी उचलून पुन्हा भरून ठेवला आणि इकडेतिकडे बघून निघून गेले.

चांगुनाआयने वर्षभर वाट बघितली. तिचं म्हणणं, त्याच जागी मांडव पडला तर मधूनच धागा उचलीन, लगीन लावीन, सगळ्यांना वाटेला लावीन. माघ सरताच तिने बाबांना विचारायला सुरुवात केली, ‘कारभारी, औंदा मांडव कवा?’ पण तिकडे मुंबईत मालकांच्या घरी भावाभावांत फाटलं होतं. त्या उन्हाळ्यात कमान उघडलीच नाही. विहिरीवर इंजिन बसलं, रहाट मोडून पडला. पुढच्या उन्हाळ्यातही तेच. ती विचारायची आणि बाबा मान हलवायचे. वाईट याचं वाटतं की तिचं कोणी वाकडं केलंच नव्हतं. सगळ्यांनी तिचा सन्मान केला. एखाद्याने लाथ मारली असती तर ती भांडली असती. टाळ्यांशी कशी भांडणार?

पुढे माझं लग्न होऊन मी दादरला गेले. चांगुनाआय गेल्याचं मला आईने माहेरपणात सांगितलं. शेवटपर्यंत कुठल्या लग्नात ती बसली नाही. तिचा आवाज मात्र तसाच होता, आई म्हणाली. गुरांना हाक मारायची तेव्हा ऐकू यायचा.

संसार संपवून, माणूस गमावून मी पुन्हा इकडे आले, तोवर वाडीच्या जागी हे मजले उभे राहत होते. मुलाने विचारलं, कुठल्या बाजूचा फ्लॅट घेऊ? मी नकाशा बघितला नाही. खाली उतरले, विहीर कुठे बुजवली ते विचारलं, चरकाचा दगड कुंपणाला लावलाय तो शोधला, आणि त्यावरून अंदाज बांधला. माझ्या गॅलरीखाली क्लबहाउससमोरची जी फरशीची मोकळी जागा आहे, ती तीच. तिथे रखरखीत ऊन असतं. एक झाड नाही. मी काही फार देवभोळी नाही. उपासतापास मला झेपले नाहीत, आणि सोवळंओवळं तर मी सासूच्या समोरच सोडलं. पण पाहुण्याला पाणी विचारायला देव मानावाच लागतो असं थोडंच आहे?

तर हा रविवार.

स्टेज त्याच जागी होतं. पताका, दिवे, ढणढणता स्पीकर. सुकेळी कुठल्याशा दुकानातून आणली होती, प्लॅस्टिकच्या डब्यांत. मला पहिल्या रांगेत बसवलं, हातात पाण्याची बाटली दिली, मांडीवर साडी-नारळाचं तबक ठेवलं. मी ठरवून आले होते की नारळ द्यायचाच नाही. ती थांबली की टाळ्या पडतील, निनाद खूण करील, आणि मी बसूनच राहीन. गुडघ्यांचं निमित्त करीन. बस्स, एवढंच माझ्या हातात होतं.

धवलारीण तरुण होती. जयश्री नाव सांगितलं. शाळेत शिक्षिका आहे म्हणे. ती बसली, डोळे मिटले, आणि म्हणायला लागली. मी श्वास रोखून ऐकत होते. पण बोलावणं आलंच नाही. तिने एकदम हळदीचंच गाणं धरलं, हळद कुठून आली, कोणी दळली, कोणी लावली. सुरेख म्हटलं. संपवलं, हात जोडले, उठली. टाळ्या पडल्या. त्या योग्य ठिकाणी पडल्या.

मी तबक दिलं. तिचा हात धरून ठेवला आणि विचारलं, ‘बाई गं, बोलावणं का नाही म्हटलंस?’

ती चमकली. मग खाली वाकून माझ्या कानाशी म्हणाली, ‘आजी, तुम्हाला कसं माहीत? स्टेजवर आम्ही बोलावणं म्हणतच नाही. मला आईने सांगून ठेवलंय, तिला तिच्या गुरूने. पूर्वी कोणा म्हातारीचे देव एका वाडीत बसून राहिले होते म्हणे.’

‘कुठल्या वाडीत?’

‘ते नाही माहीत. असेल इकडेच कुठेतरी.’

‘इथेच,’ मी म्हणाले. ‘तू बसली होतीस ना, तिथेच. चांगुना तिचं नाव. चांगुनाआय.’

जयश्रीने एकदा ते नाव ओठांतल्या ओठांत म्हटलं. तिने खाली फरशीकडे बघितलं, आणि कुणाच्या लक्षात येणार नाही अशी पायातली चप्पल सरकवून बाजूला केली.

मला वाटलं, विचारावं. एवढी वर्षं पोटात ठेवलेलं विचारलं, ‘तू उठवशील त्यांना? तुला येतो ना सगळा धवला?’

तिचे डोळे भरले. ‘येतो, आजी. पण ज्याने बोलावलं त्यानेच उठवायचं असतं. माझं नाही ऐकणार ते.’ मग तिला कोणी सेल्फीसाठी ओढून नेलं, आणि झुंबाचं संगीत इतक्या जोरात सुरू झालं की खुर्चीचे पाय हलल्यासारखे वाटले. मुलंमुली, बायका, सगळी त्या फरशीवर उतरली आणि नाचायला लागली.

मी उठले. हातातली पाण्याची बाटली उघडली, झाकण काढलं, आणि स्टेजच्या कडेला, जिथे पाय पडणार नाहीत असा कोपरा बघून, खाली ठेवली. हात जोडले नाहीत. नुसतं ‘घ्या’ म्हटलं. मग हळूहळू लिफ्टकडे निघाले.

मागून निनाद धावत आला. ‘आजी, आजी, तुमची बाटली राहिली!’ त्याने झाकण शोधून आणलं होतं. ते घट्ट फिरवून लावलं, बाटली स्वतःच्या शर्टाला पुसली आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. किती चांगला मुलगा. मी ती घेतली आणि त्याला म्हटलं, ‘थँक्यू रे.’